मोरपंखी दौत

१८७५ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या ८ तारखेस व्हिक्टोरिया राणीचा थोरला मुलगा, पुढें सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आलेला प्रिन्स ऑफ वेल्स, मुंबई बंदरांत उतरला. त्यानंतर कांहीं महिने तो हिंदुस्थानभर हिंडला, आणि जेथें जेथें गेला तेथें तेथें राजेरजवाड्यांनीं त्यास नजराणे दिले. त्या नजराण्यांपैकीं एक वस्तु महाराष्ट्राच्या मनांतून आजतागायत गेलेली नाहीं. ती म्हणजे कोल्हापूरच्या चवथ्या शिवाजीमहाराजांकडून गेलेली तलवार. तिच्याविषयीं लेख लिहिले गेले, वाद झाले, ती परत यावी अशी मागणीहि वारंवार झाली. पण त्याच नजराण्यांत एक दौत होती. जयपूरच्या कारागिरांनीं घडविलेली, सोन्याची, मीना केलेली. तिचा आकार नावेचा. नावेच्या एका टोकास मोर बसविलेला असून त्याचा पिसारा नावेच्या अर्ध्या लांबीपर्यंत खालून पसरत गेला आहे, आणि शाईच्या कुपीवर हिरव्या, निळ्या, माणकासारख्या व पोंवळ्यासारख्या लाल रंगाच्या मीन्याची मेघडंबरी आहे. तलवारीप्रमाणें ही दौतहि ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहांत आहे. तलवारीविषयीं आपल्याकडे पुष्कळ बोललें जातें, दौतीविषयीं क्वचितच.

या दौतीची, आणि ज्या विद्येनें तिला जन्म दिला त्या विद्येची हकीकत आज आपणांस सांगण्याचा विचार आहे. ती मीं तासगांवच्या वाटेनें सांगणार आहें. मीन्याच्या कामाबद्दल तासगांवची ख्याति नाहीं, हें खरें. परंतु कला परमुलखांतून कशी चालत येते, दौतीला एके काळीं काय मोल होतें, आणि सृष्टींतला रंग वस्तूंत कसा उतरतो, या तिन्ही गोष्टी तासगांवच्या माणसास समजावून सांगाव्या लागत नाहींत. त्या त्याच्या घराभोंवतींच आहेत.

प्रथम मीना म्हणजे काय तें पाहूं. पुष्कळांची समजूत अशी असते कीं, मीना हा एक प्रकारचा रंग असून तो कुंचल्यानें दागिन्यावर लावतात. वस्तुतः मीना म्हणजे कांच. वाळू, क्षार आणि शिसें किंवा टांकणखार यांच्या मिश्रणांत निरनिराळ्या धातूंचीं भस्में मिळवून रंगीत कांच तयार करतात. ती खलांत पाण्याबरोबर घोटून तिची बारीक पूड करावयाची, आणि ती पूड पुनःपुन्हां धुवून तिच्यांतला गढूळ अंश काढून टाकावयाचा. इकडे सोन्याच्या किंवा रुप्याच्या पत्र्यावर जेथें पान अगर फूल हवें असेल तेथें पोलादी हत्यारानें उथळ खळगा खोदावयाचा. कसबी कारागीर खळग्याच्या तळाशींहि बारीक रेघा मारून ठेवतो, म्हणजे वरच्या पारदर्शक कांचेंतून आंत गेलेला प्रकाश त्या रेघांवर आपटून परत येतो, आणि पाकळी आंतून उजळल्यासारखी दिसते. नंतर ओली पूड सळईच्या टोंकानें त्या खळग्यांत भरावयाची, सुकवावयाची, आणि वस्तु भट्टींत घालावयाची.

खरी परीक्षा येथें होते. मीना साधारणपणें ७५० ते ८५० अंश सेंटिग्रेड उष्णतेवर वितळतो. रुपें ९६२ अंशांवर वितळतें, सोनें १०६४ अंशांवर. म्हणजे कांच वितळावी पण धातु वितळूं नये, एवढ्यासाठीं कारागिराच्या हातीं शंभर-दोनशें अंशांचें अंतर राहतें. उष्णता मोजण्याचीं यंत्रें हल्लीं मिळतात. जुन्या कारागिराजवळ तीं नव्हतीं. भट्टीच्या लालीची छटा पाहून तो वस्तु आंत घालावयाची कीं बाहेर काढावयाची हें ठरवीत असे. सर्वच रंगांना सारखी आंच सोसत नाहीं. म्हणून जो रंग अधिक आंच सोसतो तो आधीं, आणि जो नाजूक तो मागाहून. पांढरा पहिल्याप्रथम, निळा व हिरवा त्यानंतर, आणि माणकासारखा लाल सर्वांच्या शेवटीं. लाल बिघडला तर आधीं केलेलें सारें काम वायां जातें. शिवाय पूड वितळली कीं बसते. मग खळगा पुन्हां भरावा लागतो आणि वस्तु पुन्हां भट्टींत घालावी लागते. अखेर कुरुंदाच्या दगडानें घांसून पृष्ठभाग सारखा करावयाचा आणि मग जिल्हई द्यावयाची. पत्रा पातळ असेल तर मागल्या बाजूसहि मीना द्यावा लागतो. तसें न केल्यास थंड होतांना धातु आणि कांच सारख्या प्रमाणांत आकसत नाहींत. पत्रा वांकतो आणि कांच तडकते. आपल्याकडील जुन्या दागिन्यांच्या पाठीवर जी वेलबुट्टी दिसते, तिच्यांत हौसेबरोबर हा हिशेबहि असतो.

ही विद्या फार जुनी. सायप्रस बेटांत इसवी सनापूर्वीच्या तेराव्या शतकाच्या सुमाराच्या ज्या सोन्याच्या आंगठ्या सांपडल्या आहेत, त्यांवर भट्टींत भाजलेली रंगीत कांच आहे. आपल्याकडे ही कला भरभराटीस आली ती मोंगल अमदानींत. मीना हा शब्दच फारशी आहे. अबुल फझलनें ‘ऐन-इ-अकबरी’ या ग्रंथांत शिल्पकारांच्या यादींत मीनाकाराचा उल्लेख केला असून, तो आपले रंग एकापेक्षां अधिक वेळां अग्नींत घालतो हेंहि टिपलें आहे. लाहोर हें त्या काळीं या कामाचें मोठें ठिकाण होतें. आंबेरच्या राजा मानसिंगानें लाहोरचे मीनाकार आपल्या राज्यांत आणून वसविले अशी परंपरा सांगते. पुढें १७२७ सालीं जयपूर शहर वसलें, आणि जयपूरचा मीना म्हणजे या कलेची पराकाष्ठा अशी ख्याति झाली.

मोंगल मीन्यांत जीं फुलें दिसतात, तीं केवळ परंपरेनें चालत आलेलीं ठरीव फुलें नव्हत. १६२० सालीं जहांगीर बादशहा वसंत ऋतूंत काश्मिरांत गेला, आणि तेथील फुलें पाहून इतका वेडावला कीं त्यानें उस्ताद मन्सूर या आपल्या चित्रकाराकडून शंभरावर फुलांचीं चित्रें काढविलीं. अफूचें फूल, कमळ, लिली, आयरिस हीं फुलें त्या काळापासून चित्रांत, दगडांत, गालिच्यांत आणि मीन्यांत सारखींच दिसूं लागलीं. बादशहानें फूल पाहिलें, चित्रकारानें तें कागदावर उतरविलें, चितेऱ्यानें त्याची रेघ सोन्यावर आंखली, खोदणारानें ती खोदली, आणि मीनाकारानें तिच्यांत कांच भरून ती अग्नींत घातली. एका पाकळीवर इतक्या जणांचे डोळे आणि हात लागत.

आतां रंगांकडे वळूं. मीन्याचा निळा रंग कोबाल्ट धातूचा. जयपूरकर ज्या खनिजापासून तो करीत, त्याला ते ‘सेहता’ म्हणत, आणि तें राजपुतान्यांतच खेतडीच्या खाणींत सांपडे. अपारदर्शक पांढरा कथलाच्या भस्माचा. हिरवा तांब्याचा. हें तांबें तासगांवकरांच्या ओळखीचें आहे. आज तासगांवचें नांव द्राक्षांसाठीं आणि बेदाण्यासाठीं प्रसिद्ध आहे. ‘तास-ए-गणेश’ या बिनबियांच्या द्राक्षाच्या नांवांत तर गांव आणि गांवचें दैवत दोन्ही आलीं आहेत. द्राक्षवेलीस बुरशीजन्य रोग होऊं नये म्हणून मोरचूद आणि चुना यांचें मिश्रण फवारण्याची रीत आहे. पावसानंतर पानांवर जी निळसर झांक राहते, ती तांब्याची. तेंच तांबें कांचेंत मिसळून भट्टींत गेलें म्हणजे मोराच्या मानेचा निळा-हिरवा रंग देतें. मोरचूद या शब्दांत मोर आहे हा कांहीं निव्वळ योगायोग नव्हे. ज्यानें तें नांव ठेवलें त्याच्या डोळ्यांपुढें मयूरकंठाचाच रंग असला पाहिजे.

आतां तासगांवच्या इतिहासाकडे येऊं. हें गांव परशुरामभाऊ पटवर्धनांचें. पेशवाईच्या उत्तरार्धांतील या नामांकित सेनापतीनें टिपूवरील मोहिमेंत मराठी फौजेचें नेतृत्व केलें, १७९१ सालीं धारवाडचा किल्ला घेतला, १७९५ सालीं खर्ड्याच्या लढाईंत पेशव्यांच्या फौजेची धुरा वाहिली, आणि १७९९ सालीं पट्टणकुडीच्या लढाईंत देह ठेवला. टिपूवरील मोहिमेंत भाऊंच्या फौजेबरोबर असलेल्या एडवर्ड मूर या इंग्रज अधिकाऱ्यानें त्या मोहिमेची हकीकत लिहून १७९४ सालीं लंडनमध्यें छापली. तिच्या नांवांतच परशुरामभाऊंचें नांव आहे. भाऊंनीं तासगांवीं गणपतीचें देवालय उभारण्यास आरंभ केला तो १७७९ सालीं. त्या देवळापुढें सात मजल्यांचें गोपुर आहे. कृष्णेच्या खोऱ्यांत असें गोपुर सहसा पाहावयास मिळत नाहीं. तो आकार दक्षिणेचा. कर्नाटकाच्या स्वाऱ्यांत जें दृष्टीस पडलें तें मनांत राहिलें, आणि मग तें इकडच्या मातींत उभें राहिलें. भाद्रपदांत गणपतीचा रथ त्याच गोपुरापुढून निघतो, गांव तो दोरांनीं ओढतें, आणि हें शिल्प परकें आहे असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. लाहोरचा मीना आंबेरास आला आणि आंबेरचाच झाला, त्याचीहि हीच रीत. कलेला मुलूख असतो तो ती जेथें वापरली जाते तेथला.

पटवर्धनांचें आणखी एक वैभव गोपुराहून कमी दिसणारें, पण इतिहासाच्या दृष्टीनें अधिक मोलाचें आहे. तें म्हणजे त्यांचें दप्तर. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनांच्या दप्तरांतील हजारों पत्रें तपासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नांवानें खंडशः प्रसिद्ध केलीं. मराठ्यांच्या उत्तरकाळाचा इतिहास लिहिणाऱ्यास त्या खंडांवांचून गत्यंतर नाहीं. छावणींतून लिहिलेलीं पत्रें, वेढ्यांतून लिहिलेलीं पत्रें, दाण्यागोट्याचीं, देण्याघेण्याचीं, आजाराचीं, मसलतीचीं. तलवार चालली ती कांहीं दिवस. लेखणी रोज चालत होती.

त्या काळचें लिहिणें कसें चाले तें ध्यानांत आणावें. कारकून बैठकीवर मांडी घालून बसे. पुढें उतरतें मेज किंवा नुसताच उभा केलेला गुडघा. हातांत बोरूची लेखणी, ती तासण्यास चाकू, बाजूस दौत, आणि ओली शाई सुकविण्यास वाळूची दाणी. हें सारें सामान ज्यांत राही तें कलमदान. गरिबाचें कलमदान लांकडी, श्रीमंताचें पितळी किंवा रुप्याचें. सरदाराच्या कचेरींत दौत ही शोभेची वस्तु नव्हती. फडावरील अधिकाराची ती खूण होती. दसऱ्याला शस्त्रांची पूजा होई तशी दिवाळींत दौत-लेखणीची होई, आणि व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर तिचा मान अद्याप टिकून आहे. ज्या वस्तूची पूजा करावयाची, जिच्या बळावर राज्याचा कारभार चालावयाचा, ती सुंदर असावी असें वाटणें स्वाभाविक होतें. सृष्टींतलें फूल, पक्षी, वेल तिच्यावर यावी हेंहि तितकेंच स्वाभाविक होतें. सोन्यावरील मीन्याचीं कलमदानें मोंगल दरबारांत झालीं तीं याच भावनेंतून. मंत्र्याला मानाची वस्तु द्यावयाची तर त्याच्या कामाचीच द्यावी, असा तो विचार होता.

१८४८ सालीं तासगांवच्या शाखेस औरस वारस न राहिल्यामुळें तो मुलूख इंग्रजांनीं खालसा केला. तासगांव सातारा जिल्ह्यांत गेलें. पुढें १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला, आणि १९६० सालीं त्यालाच सांगली हें नांव मिळालें. राज्य बदललें तशी कचेरी बदलली. बैठक गेली, टेबल-खुर्ची आली. बोरू गेला, टांक आला. वाळूच्या दाणीची जागा टीपकागदानें घेतली. मोडी हळूहळू मागें पडली. दौत राहिली, पण ती साधी कांचेची किंवा चिनी मातीची. तिच्याभोंवतीं जें मानाचें वलय होतें तें नाहींसें झालें.

प्रिन्स ऑफ वेल्सला मिळालेली मोरपंखी दौत नेमकी या बदलाच्या काळांतली आहे. ती घडविणाऱ्यांचें कसब कणभरहि उणें नव्हतें. पण ती लिहिण्यासाठीं घडविली नव्हती. पाहण्यासाठीं घडविली होती. प्रिन्सचे नजराणे विलायतेंत लोकांस दाखविण्यांत आले, आणि १८७८ सालीं पॅरिसच्या विश्वप्रदर्शनांत मांडण्यांत आले. त्यांचें वर्णन ज्या गृहस्थानें लिहिलें, तो सर जॉर्ज बर्डवुड आपल्याच मुलखांत, बेळगांवीं, १८३२ सालीं जन्मला होता. मुंबईंत त्यानें डॉक्टरी केली, वैद्यक शिकविलें, आणि आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव धारण करणाऱ्या भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाच्या उभारणींत पुढाकार घेतला. १८८० सालीं प्रसिद्ध झालेल्या हिंदी कलाकौशल्यावरील आपल्या ग्रंथांत त्यानें या मोरपंखी दौतीची तोंड भरून स्तुति केली आहे. जयपूरहून आलेल्या एका मीन्याच्या तबकाबद्दल तो सांगतो कीं, तें घडविण्यास चार वर्षें लागलीं.

चार वर्षें! एका तबकासाठीं चार वर्षें कारागिराचें कुटुंब पोसणारा धनी जोंवर होता तोंवरच हें काम शक्य होतें. प्रदर्शनांमुळें मीन्याची कीर्ति पसरली, जयपूरला १८८३ सालीं मोठें प्रदर्शन भरलें, १८८७ सालीं तेथील वस्तुसंग्रहालय उघडलें, आणि डॉक्टर हेंडले व जेकब यांनीं जयपूरच्या मीन्यावर १८८६ सालीं सचित्र ग्रंथ काढला. कीर्तीबरोबर गिऱ्हाईकहि आलें. पण तें गिऱ्हाईक प्रवासी होतें. बोटीची तारीख गांठण्याची त्याला घाई असे. त्याला हवी होती टेबलावर ठेवावयाची छोटी, चकचकीत आणि माफक किमतीची वस्तु: एखादी डबी, कागदाची सुरी, राखेची तबकडी. लिहिणाऱ्या हातासाठीं घडविलेली वस्तु आतां पाहुण्यास दाखविण्याची वस्तु बनली.

बर्डवुडविषयीं आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या कारागिरांवर त्यानें मनापासून प्रेम केलें. तथापि १९१० सालीं लंडनमध्यें हॅवेल यांच्या निबंधावर चर्चा चालली असतां, हिंदुस्थानांत श्रेष्ठ अर्थानें ज्याला ललितकला म्हणावें असें कांहीं आपणांस आढळलें नाहीं, असें मत त्यानें दिलें, आणि त्यावरून मोठें वादळ उठलें. हे दोन विचार एकाच माणसाच्या डोक्यांत नांदत होते. मोराच्या पिसाऱ्याहूनहि झळझळीत पिसारा घडविणारा माणूस त्याच्या लेखीं कुशल कारागीर होता. कलावंत मात्र नव्हता. खेदाची गोष्ट ही कीं, आपल्या सुशिक्षित समाजानेंहि पुष्कळ काळ हाच भेद मानला. चित्राखालीं चित्रकाराची सही आपण शोधतों. दौतीखालीं सही शोधण्याचें आपल्या मनांत येत नाहीं. नजर करणाऱ्याचें नांव राहतें, नजर स्वीकारणाऱ्याचें राहतें, आणि चार वर्षें भट्टीपुढें बसलेल्याचें मागें पडतें.

इतर देशांत काय झालें तें पाहण्यासारखें आहे. चीनमध्यें तांब्याच्या बारीक पट्ट्यांचे कप्पे करून त्यांत मीना भरण्याची रीत आहे. मिंग घराण्यांतील जिंगताय बादशहाच्या १४५० ते १४५७ या कारकीर्दीवरून तिला नांव पडलें. चिनी विद्वानाच्या लिहिण्याच्या मेजावर कुंचल्यांची घडवंची, पाण्याची झारी, कागद दाबावयाचें वजन या वस्तूंना फार मान. जपानांत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत नागोया येथील काजी त्सुनेकिची यानें परदेशी मीन्याची वस्तु फोडून तिची रचना अभ्यासली आणि मागें पडलेली विद्या पुन्हां उभी केली, असें सांगतात. त्यांतून पुढें क्योतोचा नामिकावा यासुयुकी आणि तोक्योचा नामिकावा सोसुके हे दोन श्रेष्ठ मीनाकार झाले. फुलपांखरें, फुलांचे घोंस, पक्षी हे त्यांचे विषय. १८९६ सालीं दोघांनाहि सम्राटाच्या दरबारचे कलावंत म्हणून नेमण्यांत आलें. रशियांत फाबर्जे यानें मेजावरचीं घड्याळें, तसबिरींच्या चौकटी, कांचमण्याच्या कुंडींतलीं मीन्याचीं फुलें घडविलीं, आणि त्यांवर त्याच्या कारखान्याचें व कारागिरांचें चिन्ह असे. १९१८ सालीं क्रांतीच्या धामधुमींत तो कारखाना बंद पडला, पण त्या खुणांवरून कोणती वस्तु कोणाच्या हातची तें आज सांगतां येतें. नांव कोरण्यास सोनें जास्त लागत नाहीं. घडविणाऱ्यास मान देण्याची रीत असावी लागते.

आपल्याकडे याच काळांत दुसरें एक पर्व सुरू होतें. स्वदेशीच्या चळवळींतून पैसाफंडाचा कांच कारखाना १९०८ सालीं तळेगांव दाभाड्यास निघाला. १९१० सालीं तासगांवच्या शेजारीं, औंध संस्थानच्या हद्दींत, लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. १९१६ सालीं कऱ्हाडजवळ ओगल्यांचा कांच कारखाना उभा राहिला, आणि त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या घरोघरीं पोंचला. लोखंड आणि कांच या दोन वस्तूंनीं सातारा भागाचें रूप बदललें. आणि लोखंडावर कांच भाजून बसविली कीं होतें तेंच एनॅमल: पांढऱ्या थाळ्या, निळ्या कडेचे पेले, स्टेशनांवरच्या पाट्या, घरांचे क्रमांक. उन्हापावसांत वर्षानुवर्षें अक्षर न उडणारी ती पाटी आणि मोरपंखी दौत यांचें गोत्र एकच. आपल्या घरांत एनॅमल हा शब्द आला तो या स्वस्त, टिकाऊ, उपयोगी भांड्यांबरोबर, आणि मीना हा शब्द राहिला दागिन्यांबरोबर. एकाच विद्येचीं हीं दोन नांवें आहेत हें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. पण त्या पेल्यानें एक गोष्ट सिद्ध केली: जी वस्तु रोज वापरांत येते, तिचा धंदा चालतो.

आज बाजारांत मीनाकारी या नांवाखालीं विकल्या जाणाऱ्या बहुतेक मेजवस्तूंना अग्नीचा स्पर्शहि झालेला नसतो. ठशानें उठविलेल्या पत्र्यावर रासायनिक राळेचा रंग ओततात आणि तो वाळवितात. मुरादाबादच्या पितळी भांड्यांत लाखेचे रंग भरतात. ती स्वतंत्र आणि जुनी कला आहे, पण तोहि मीना नव्हे. खरा मीना ओळखण्याच्या कांहीं सोप्या खुणा आहेत. तो बोटास कांचेसारखा थंड लागतो. नख किंवा सुई यांचा ओरखडा त्यावर सहसा उठत नाहीं. उजेडाकडे तिरपा धरला असतां पारदर्शक रंगाखालीं खोदकामाच्या रेघा दिसतात. राळेचा रंग सुईखालीं मऊ लागतो आणि कालांतरानें पिंवळा पडतो. नकली वस्तु स्वस्त मिळते याबद्दल तक्रार नाहीं. पण ती खऱ्याच्या नांवानें विकली गेली कीं खरें काम करणाऱ्याचा भाव पडतो, आणि दहा वेळां भट्टी पेटविणारा माणूस एकदां रंग ओतणाऱ्याशीं स्पर्धा करूं शकत नाहीं.

ही विद्या सुदैवानें नष्ट झालेली नाहीं. जयपूरचे मीनाकार कुदरतसिंग यांस १९८८ सालीं पद्मश्री मिळाली. पांढऱ्या मीन्यावर गुलाबी फुलें काढणाऱ्या बनारसच्या गुलाबी मीनाकारीस भौगोलिक मानांकन मिळालें आहे. २०२१ सालच्या सप्टेंबरांत भारताच्या पंतप्रधानांनीं अमेरिकेच्या उपाध्यक्षा कमला हॅरिस यांस गुलाबी मीनाकारीचा बुद्धिबळाचा डाव, आणि ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांस त्याच कामाची रुप्याची नौका भेट दिली. १८७५-७६ च्या दौऱ्यांत मीन्याची नाव परदेशीं गेली, आणि दीडशें वर्षांच्या आंतच दुसरी नाव गेली. पहिली परक्या सत्ताधीशापुढें नजर म्हणून ठेवलेली. दुसरी स्वतंत्र राष्ट्रानें बरोबरीच्या नात्यानें दिलेली. एवढा फरक इतिहासानें केला आहे. परंतु वर्तमानपत्रांत नांवें आलीं तीं याहि वेळीं बहुतकरून देणाराचीं आणि घेणाराचीं.

श्रोतेहो, दौत आतां गेली. आपल्या मुलांनीं कदाचित् ती पाहिलीहि नसेल. तरी लिहिण्या-वाचण्याचें मेज प्रत्येक सुशिक्षित घरांत आहे, आणि त्यावर एखादी सुंदर वस्तु असावी ही हौसहि आहे. ती हौस भागवितांना दोन गोष्टी करतां येतील. वस्तु कामाची घ्यावी: लेखणी ठेवण्याचें तबक, कागदावरचें वजन, टांचण्यांची डबी. रोज हाताखालून जाणाऱ्या वस्तूचा कस आपोआप कळूं लागतो, आणि कस कळणारें गिऱ्हाईकच कारागिरास चांगलें काम करावयास लावतें. दुसरें, ती कोणी घडविली तें दुकानदारास विचारावें, आणि समजलेलें नांव एका चिठ्ठीवर लिहून वस्तूच्या तळाशीं चिकटवावें. पटवर्धनांच्या कारकुनांनीं दाण्यागोट्याचा हिशेबहि कागदावर उतरविला, म्हणून दोनशें वर्षांनंतर तो आपणांस वाचतां येतो. ज्या हातांनीं आपल्या मेजावर मोर आणून बसविला, त्यांची नोंद ठेवण्यास एक ओळ पुरे होईल.